अफवा, यंत्र आणि आपली जबाबदारी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. 'मुले पळविणारी टोळी आली आहे' या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेने त्यांचा बळी घेतला. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाला खोट्या संदेशाची किंमत प्राणाने मोजावी लागते. म्हणूनच अफवांविरुद्ध कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग कितपत होईल, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्याच काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यातील मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी तयार झाली होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. नेमका तेवढाच भाग कापून टाकण्यात आला होता.

अशा वेळी यंत्र काय करू शकते? चित्रफितीतील निवडक दृश्यांचे ते अंकांत रूपांतर करते. हा जणू त्या दृश्याच्या बोटाचा ठसाच होय. आकार लहान केला वा रंग फिका झाला तरी ठसा फारसा बदलत नाही. त्यामुळे एकदा तपासलेली चित्रफीत दुसऱ्या गावाच्या नावाने पुन्हा आली, तर यंत्र ती चटकन ओळखू शकते. निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले, पण एकाच अर्थाचे संदेशही ते एकत्र आणते. तपासणाऱ्यांचे श्रम वाचतात. मात्र व्हॉट्सॲपवरील खाजगी संदेश त्या कंपनीलाही वाचता येत नाहीत. म्हणून संशयास्पद संदेश तपासणीसाठी पाठविण्याचे काम नागरिकांनाच करावे लागते.

तथापि यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. यंत्राला साम्य कळते, सत्य कळत नाही. खोटा आवाज आणि खोटे चित्र तयार करणारी यंत्रेही याच जातीची आहेत. शिवाय ज्या भाषेतील मजकूर त्याला कमी मिळाला, त्या भाषेत ते अधिक चुकते. धुळ्याकडील अहिराणीतला संदेश त्याला कितपत उमगेल, याचा विचार व्हावा.

बँकेत धनादेशावरील चुंबकीय शाईचे अंक यंत्र वाचते. परंतु सही जुळत नसेल तर निर्णय माणूस घेतो, आणि धनादेश परत करताना कारण लिहून देतो. येथेही तोच नियम हवा. संदेश खोटा ठरविताना पुरावा दाखवावा, खात्री नसेल तर तसे सांगावे आणि चूक दुरुस्त करण्याची वाट मोकळी ठेवावी. खरे-खोटे ठरविणारा कोण, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली, ती याच विचाराने महत्त्वाची आहे.

विद्यार्थी मित्रांनी हे तंत्र अवश्य शिकावे. आपल्या बोलीतील अफवा तपासणाऱ्यांपर्यंत पोहोचवाव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांची शहानिशा समजावून सांगावी. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणाचा, कधीचा व कुठला, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारले, तरी एखाद्या अनोळखी वाटसरूचा जीव वाचू शकेल.