बिनतारी ड्रिल घेतांना

पडद्याची दांडी बसवावयाची, कपाटाची निखळलेली बिजागरी आवळावयाची, देवघराची फळी वर चढवावयाची, हीं कामें अशीं असतात कीं, त्यांकरितां सुतारास बोलवावें तर तो चार दिवस फिरकत नाहीं, आणि न बोलवावें तर घरांतील कुरकूर थांबत नाहीं. बॅटरीवर चालणारें ड्रिल घरांत असावें, हें यामुळेंच आतां अनेक कुटुंबांस पटलें आहे. घोडें अडतें तें निवडीपाशीं. ('बिनतारी' हें विशेषण एके काळीं संदेशयंत्रांचें होतें, तें आतां गिरमिटासही मिळालें आहे.)

आमच्या घरीं थोरल्या बंधूंनीं 'घ्यावयाचें तर दणकट' म्हणून १८ व्होल्टचें, ठोके देणारें मोठें यंत्र आणलें. यंत्र उत्तम होतें. परंतु स्टुलावर उभें राहून तें डोक्यावर धरणें वहिनींस किंवा वडिलांस साधेना, आणि बंधु दिवसभर कचेरींत! सहा महिने तें माळ्यावर पडून राहिलें. पुढें १२ व्होल्टचें लहान ड्रिल आलें. बॅटरीसह त्याचें वजन सुमारें एक किलो. तें मात्र अद्याप माळ्यावर गेलेलें नाहीं.

व्होल्टच्या आंकड्यांनीं गिऱ्हाईक फसतें तें असें. लिथियमच्या एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात. तीन घट जोडले कीं १०.८ होतात, पांच जोडले कीं १८. घट नुकताच भरला असतां दाब चार व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून त्याच बॅटऱ्यांवर १२ व २० हे आंकडेही छापले जातात. '२० मॅक्स' हें १८ हून वरचढ, असें मुळींच नाहीं. व्होल्टला अँपिअर-तासांनीं गुणावें, म्हणजे बॅटरींत खरा सांठा किती तें कळतें: १०.८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे २१.६ वॅट-तास.

लहान यंत्राच्या अंगीं पिळाचें बळ सुमारें ३० न्यूटन-मीटर असलें तरी लांकडी कामास तें पुष्कळ झालें. त्याहून महत्त्वाचें आहे तें पुढील बाजूचें आंकडे कोरलेलें कडें. तें लहान आंकड्यावर ठेविलें म्हणजे स्क्रू नीट बसतांच आंतील जोड टरटरत सुटतो आणि मोटार फिरली तरी स्क्रू फिरत नाहीं. हें न जाणणारा मनुष्य कडें छिद्राच्या खुणेवर ठेवून स्क्रू आवळतो, आणि प्लायवुडांत स्क्रूचें डोकें रुतवितो किंवा त्याची खांच झिजवून टाकतो. आरंभ लहान आंकड्यानें करावा. स्क्रू पुरता बसला नाहीं तर एक-एक आंकडा चढवावा. वेगाचे दोन टप्पे असतात; स्क्रूस १, छिद्रास २.

बॅटऱ्या दोन घ्याव्या. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रास सहसा बसत नाहीं. म्हणून पुढें आणखी हत्यारें घेण्याचा मानस असेल तर कंपनी विचारपूर्वक निवडावी. ब्रशविरहित मोटार महाग. परंतु तींत झिजणारे कार्बन नाहींत, आणि एका भरण्यांत कामही अधिक होतें. रोज काम करणारानें तीच घ्यावी. वर्षांतून चार वेळां वापरणारास तिची गरज नाहीं.

विटांच्या भिंतींत ठोके देणारें लहान ड्रिल विडियाच्या बिटानें ६ मिलिमीटरचें छिद्र पाडूं शकतें. सिमेंट-काँक्रीटच्या तुळईपुढें मात्र तें हात टेकतें. त्यासाठीं रोटरी हॅमर भाड्यानें आणावा.

यंत्र बिनतारी असलें तरी भिंत बिनतारी नसते! स्विचच्या सरळ वर किंवा खालीं छिद्र घेऊं नये. तेथून वायर गेलेली असण्याचा संभव फार. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पदर व वेणी चकापासून दूर ठेवावी. दुकानांत मात्र यंत्र नुसतें पाहून परतूं नये. बॅटरी लावून तें एक मिनिटभर डोक्याच्या वर धरावें, आणि घरांत तें वापरणार असेल त्याच व्यक्तीनें धरावें.