पन्हळ, नळ आणि नळी : शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द

पोकळ आणि लांबट वस्तूंवांचून आमच्या शेतकऱ्याचें एकही काम चालत नाहीं. बीं जमिनींत पडतें तें नळ्यांतून, पाणी येतें तें नळांतून किंवा पन्हळींतून, आणि चुलींतला विस्तव फुलतो तो फुंकणीनें. अशा वस्तूंस आपल्या बोलींत शब्दांची मुळींच वाण नाहीं. परंतु कागद लिहिण्याची वेळ आली म्हणजे हे सर्व शब्द बाजूस राहतात आणि त्या सर्वांच्या जागीं 'पाईप' किंवा फार तर 'नलिका' एवढा एकच शब्द येऊन बसतो. यापासून शेतकऱ्याचें नुकसान कसें होतें तें आमच्या डोळ्यांपुढें घडलेलें आहे, किंबहुना आमच्याच हातून घडलेलें आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

या शब्दकुळाचें मूळ गवतांत आहे. संस्कृतांत नड किंवा नल म्हणजे पाणथळ जागीं उगवणारें, आंतून पोकळ असें गवत. त्यावरून नाल म्हणजे कमळाचा पोकळ देंठ आणि नाडी म्हणजे शरीरांतील वाहिनी. मराठींत 'ल'चा 'ळ' होऊन नळ, नळी, नाळ हे शब्द झाले. आम्हां कारकुनांस लोक बोरूबहाद्दर म्हणून हिणवितात. तो बोरूही अशाच पोकळ गवताचा. वेळू हा शब्द वेणूवरून आला, आणि वेणु म्हणजे बांबूही व बासरीही. इंग्रजी पाईप शब्दाचा जन्मही वाद्यांतलाच आहे. पाखरांच्या चिवचिवाटाचा अर्थ असलेल्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला व प्रथम त्याचा अर्थ पांवा असाच होता. तेल किंवा डांबर भरण्याचें जें पीप, तें आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलें, आणि तें या पाईपाचेंच भावंड होय. घोड्याचा नाल मात्र या कुळांतला नव्हे. तो अरबी शब्द असून त्याचा अर्थ पायतण.

नळ मोठा, नळी लहान, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु नळकांडें म्हटलें कीं बांबूचें एक पेर डोळ्यांपुढें येतें, आणि त्याचें एक तोंड बहुधा गांठीनें बंद असतें. गुरांस औषध पाजण्यास असेंच तिरपें कापलेलें नळकांडें वापरीत. पुंगळी म्हणजे दोन्ही तोंडें उघडी असलेली आंखूड नळी. सुरळी ही स्वभावानें पोकळ नसते. सपाट वस्तु गुंडाळली म्हणजे तिची सुरळी होते, आणि सोडली कीं ती पुन्हां सपाट होते. नळी चिरल्यावांचून उघडत नाहीं. एवढा भेद बोलींत साठविलेला असतां आपण सर्वांस एकाच नांवानें हांक मारावी हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आतां पन्हळ. संस्कृत प्रणाल यापासून हा शब्द आला. नळ उभा चिरून दोन केले कीं प्रत्येक अर्धा भाग पन्हळ होतो. म्हणजे वरून उघडी. ही गोष्ट कुंभाराच्या चाकावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते. जुन्या घरांवरचीं नळीचीं कौलें कुंभार प्रथम सबंध नळी म्हणून फिरवून काढतो आणि ओलीं असतांच उभी रेघ देऊन त्यांचे दोन भाग करितो. कौल पन्हळीच्या आकाराचें, परंतु नांव जन्मावरून नळीचें राहिलें. सह्याद्रींत डोंगराच्या उभ्या घळीस नाळ किंवा नळी म्हणतात. रायगडाच्या बाजूस बोराट्याची नाळ आहे, हरिश्चंद्रगडास नळीची वाट आहे. त्या दोन्ही वरून उघड्या. तेव्हां केवळ 'नळी' या शब्दावरून वस्तु बंद कीं उघडी हें नेहमींच ठरत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें याचें काम पडणार आहे.

पेरणीच्या तिफणीस चाडें, नळे आणि फण अशीं तीन अंगें आहेत. चाड्यांत मुठीनें बीं सोडावयाचें, तें नळ्यांतून उतरून फणाच्या मागें जमिनींत पडावयाचें. नळा तुंबला कीं ती ओळ सबंध रिकामी जाते, आणि तें पीक उगवून येईपर्यंत कळत नाहीं. म्हणून जाणता पेरणारा चाड्यावर मूठ ठेवून नळ्यांतल्या बियांचा आवाज ऐकत चालतो. मिश्र पिकासाठीं तिफणीमागें दोरीनें ओढावयाची जी एकटी नळी, तीस कोठें सरतें म्हणतात तर कोठें मोघण. आतांशा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांत हेच नळे प्लॅस्टिकचे असतात. आवाज ऐकूं येत नाहीं, म्हणून मागें चालणाऱ्यानें ते डोळ्यांनींच पाहावे.

पिकाच्या रोगराईंत तर शब्द चुकला कीं औषध चुकलें. भाताच्या खाचरांत पानांचे शेंडे कापून त्यांच्या लहान सुरळ्या पाण्यावर तरंगतांना दिसल्या, तर ती सुरळींतली अळी. तिला पाण्यावांचून जगतां येत नाहीं. झाडांवरून दोर ओढून सुरळ्या पाण्यांत पाडाव्या आणि दोनतीन दिवस खाचरांतलें पाणी काढून टाकावें. परंतु फुटव्याचीच पांढुरकी, कांद्याच्या पातीसारखी नळी झाली असेल, तर तें गादमाशीचें काम. त्यास चंदेरी पोंगा म्हणतात. त्या फुटव्यास ओंबी येत नाहीं, आणि पाणी काढून कांहीं उपयोग होत नाहीं. मक्याचा पोंगा म्हणजे मधल्या कोंवळ्या पानांची न उलगडलेली सुरळी. २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी याच पोंग्यांत दडून बसते. फवारा पानांवरून गेला आणि पोंग्यांत उतरला नाहीं तर तो वायां गेला. फोनवरून सल्ला विचारणाऱ्यानें 'पानें गोल झालीं' एवढेंच न सांगतां सुरळी, नळी कीं पोंगा तें सांगावें.

खरा प्रश्न पाण्याचा. मोटेच्या काळीं चामड्याची सोंड थारोळ्यांत पाणी ओती, तेथून पाट, पाटांतून दंड, आणि दंडाच्या बाऱ्यांतून वाफा. दंड हा शब्द भरीव काठीचा. परंतु सरळ लांबटपणावरून तो पोकळीसही लागला. ओढा किंवा खोलगट भाग आडवा आला कीं त्यावरून कोरलेल्या लाकडाची किंवा पत्र्याची पन्हळ टाकीत. रस्त्याखालून पाणी न्यावयाचें तर मोरी. पुण्यास पेशव्यांनीं अठराव्या शतकांत कात्रजच्या तलावावरून शहरांत पाणी आणिलें, त्यास लोक कात्रजचा नळ म्हणतात. वस्तुतः तें चुन्यादगडानें बांधलेलें भुयार असून त्यांतून माणूस चालूं शकतो. त्यास हवेसाठीं जागोजाग उच्छ्वास ठेविलेले होते. म्हणजे नळ या शब्दाच्या पोटांत दोन बोटांच्या नळीपासून पुरुषभर भुयारापर्यंत सर्व मावतें. असा शब्द बोलण्यास सोयीचा आणि लिहिण्यास धोक्याचा.

१९९८ सालीं एका तालुक्यांत आम्ही कारकून असतां ओढ्यावरच्या पाण्याच्या एका तक्रारींत जबाब लिहून घेण्याचें काम आमच्याकडे आलें. विहिरीचा मालक म्हातारा गृहस्थ होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, वड्यावर आमची पन्हळ हाय. मधल्या तात्याचा वाफा तिच्या बाऱ्यावर भिजतुया, त्यात आमचं काय जात न्हाई." आम्हांस त्या काळीं शुद्ध लिहिण्याची मोठी हौस. 'पन्हळ' हा शब्द आम्हांस गांवढळ वाटला. आम्हीं लिहिलें, "अर्जदाराची जलवाहक नलिका ओढ्यावरून गेलेली आहे." तात्याच्या वाफ्याचें वाक्य तक्रारीशीं संबंध नसलेलें म्हणून गाळलें. म्हाताऱ्यास वाचून दाखविलें. त्यास 'नलिका' म्हणजे काय तें कळलें नसावें, परंतु साहेबांनीं लिहिलें तें बरोबरच असणार म्हणून त्यानें अंगठा उमटविला.

२००९ सालीं म्हातारा वारला. मुलानें कुजलेली पन्हळ काढून प्लॅस्टिकचा नळ घातला. यांत त्याचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. उघड्या पन्हळींतून पाणी सांडतें आणि उन्हानें आटतें. परंतु नळास बारें नसतें, आणि तात्याच्या वाफ्यांत आतां पेरूचीं झाडें होतीं. तात्या विचारावयास गेले तेव्हां मुलानें जुन्या जबाबाची नक्कल पुढें केली. कागदांत नलिका आहे. नलिका बंद असते. बंद वस्तूस बारें कोठून येणार, आणि बारें नाहीं तर हक्क कसला? बोलणें वकिली होतें, तरी कागदाला धरून होतें. प्रकरण दोन उन्हाळे चाललें आणि तेवढ्यांत पेरूचीं अकरा झाडें वाळलीं. शेवटीं गांवांतल्या दोन वडील माणसांनीं आम्हांस शोधून काढून बोलाविलें. नकलेवरचें अक्षर आमचें होतें. म्हाताऱ्याचें बोलणें आम्हांस आठवत होतें, तें त्याच्या मुलासमोर जसेंच्या तसें सांगितलें. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "आबा असंच म्हनले आसतील." त्या नळावर तीन तोंडांचा सांधा बसवून चावी लावण्यांत आली आणि आठवड्यांतून एक रात्र तात्यांस पाणी मिळूं लागलें. वाळलेल्या झाडांविषयीं तात्या आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत, आणि तें ऐकून घेण्यापेक्षां अवघड गेलें.

कायद्यानेंही हा भेद मानिलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ४९व्या कलमान्वयें दुसऱ्याच्या जमिनींतून पाणी नेण्याची परवानगी तहसीलदाराकडे मागतां येते. तेथें उघडा पाट असेल तर त्याची रुंदी दीड मीटरहून अधिक असतां कामा नये, आणि नळ जमिनीखालून घालावयाचा असेल तर तो पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो. पाटाखालीं गेलेली जमीन पिकाखालीं येत नाहीं; खोल पुरलेल्या नळावरून मात्र नांगर चालतो. तेव्हां अर्जांत, वांटणीपत्रांत किंवा खरेदीखतांत पाट, पन्हळ, उघडा दंड कीं पुरलेला नळ तें गांवच्याच शब्दांनीं लिहावें, आणि लगेच पुढें तो उघडा कीं बंद, कशाचा केलेला, किती रुंद, किती खोल, कोणत्या बांधानें जातो आणि त्यावर कोणाचें बारें आहे तें नमूद करावें. लिहिणाऱ्यानें शब्द बदलला तर सही करण्यापूर्वीं त्यास अर्थ विचारण्यास संकोच करूं नये.

विकत घेतांनाही असाच घोटाळा होतो. 'तीन इंची नळ' म्हटलें तर तो आंतून तीन इंच कीं बाहेरून? लोखंडी जस्ती नळांचें माप आंतल्या पोकळीवरून ठरलेलें असतें. पीव्हीसीच्या नळांचें माप बाहेरच्या व्यासावरून मिलिमीटरांत असतें, जसें ६३, ७५, ९०, ११०. त्यांतही अधिक दाबाचा नळ घेतला कीं त्याची भिंत जाड होते आणि बाहेरचें माप तेंच राहून आंतली पोकळी कमी होते. पाणी वाहतें तें पोकळींतून. आंतला व्यास दुप्पट केला आणि चढउतार व लांबी तीच ठेविली, तर पाणी दुप्पट नव्हे, सुमारें सहापट जातें; म्हणून पोकळी थोडी कमी झाली तरी पाण्यांत तूट बरीच पडते. दुकानांत केवळ इंच न सांगतां बाहेरचा व्यास आणि दाब दोन्ही पावतीवर लिहून घ्यावे.

विहिरींच्या बाबतींत विंधनविहीर आणि कूपनलिका हे दोन शब्द एकच समजून वापरले जातात. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखांत भोंक खडकांत पडतें आणि तें आपल्या बळावर उभें राहतें. नळ लागतो तो वरच्या माती-मुरमापुरता. ती विंधनविहीर. तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यांत भोंक ढांसळतें, म्हणून बहुतेक तळापर्यंत नळ उतरवावा लागतो आणि पाण्याच्या थरांपाशीं त्यास फटी ठेवाव्या लागतात. ती कूपनलिका. खडकाच्या गांवांत करारावर 'कूपनलिका, नळासह' असें लिहून दिलें, तर किती फूट नळाचे पैसे द्यावयाचे याचा वाद आपण आपल्याच हातानें उभा केला असें होतें. वेधनाचा दर निराळा, नळाचा दर निराळा, आणि नळ प्रत्यक्ष उतरेल तितक्याच फुटांचा, असें आधीं लिहून घ्यावें. यंत्र शेतांत आलें म्हणजे नळ खालीं जाण्यापूर्वीं एकेक करून टेपानें मोजावे आणि आंकडा लगेच वहींत टिपून त्यावर यंत्रवाल्याची सही घ्यावी.