गादीसकट गाडी

गोव्यातल्या डिचोलीत ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर टिपर येतो. पोटात दहा टन खनिज, खाण ते मांडवीचा धक्का अशा फेऱ्या, आणि रात्री गाडी दारात. त्या चालकाला केबिनमध्ये गादी कशाला? पण 2012 साली खाणी थांबल्या, आणि पुन्हा चालू होऊन 2018 च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या. टिपर दारात उभा राहिला. लांबचं भाडं मारायचं तर गाडी वेगळी लागते.

पेडण्याच्या पत्रादेवी नाक्यापलीकडे दोन वाटा फुटतात. एक कोकणातून थेट पनवेलला. दुसरी बांदा, सावंतवाडी करत आंबोलीचा घाट चढून संकेश्वरकडे. दोन्हीकडे रात्र गाडीतच काढायची.

बाजारात एकसारख्या गाड्या ढीगभर. फरक नावातच लिहिलेला असतो. टाटांची सिग्ना 5530 आणि भारतबेंझची 5528 घ्या. पहिले दोन आकडे पासिंगचे : ट्रेलर आणि मालासह 55 टन. पुढचे दोन ताकदीचे : साधारण 300 आणि 280 अश्वशक्ती. वीस अश्वशक्तीवरून नाक्यावर वाद रंगतात, पण पैसा दुसरीकडेच मुरतो.

महिन्याला 10,000 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरा. लिटरला साडेतीन किलोमीटर जाणारी गाडी 2,857 लिटर पिते, चार जाणारी 2,500. फरक महिन्याला सुमारे 32,000 रुपये. म्हणून कंपनीचा कागद बाजूला ठेवावा आणि तीच गाडी याच घाटांत, भरल्या मालासह चालवणाऱ्याला अ‍ॅव्हरेज विचारावं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांना डिझेलबरोबर अ‍ॅडब्लू हे द्रावणही लागतं. ते संपलं की इंजिन ताकद कमी करतं, तीही नेमकी चढणीला. तेव्हा वाटेवर वर्कशॉप कुठे आहे, हे किमतीआधी विचारायचं.

राहिली झोप. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे, त्यामुळे विक्रेत्याने एसीचं कौतुक सांगितलं तर कान बंद करावेत. इंजिनावर चालणारा एसी इंजिन बंद होताच थांबतो. मग पावसाळ्यातल्या कोकणात उरतात दमट हवा, डास आणि खिडकीची जाळी. असली तर. आडवं पडल्यावर पाय सरळ होतात का, हेही कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही.

कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेने 1999 पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वाघिणींवर चढवून नेले. घाट आणि टायर दोन्ही वाचतात. गाडीची उंची, लांबी, वजन तिथे बसतं का, ते मात्र खरेदीपूर्वीच मोजावं.

शोरूमला जाताना मालकाने चालकाला बरोबर न्यावं. स्टीअरिंगवर नंतर बसवा. आधी दहा मिनिटं त्याला गादीवर आडवं पडू द्या.