जाड वीजकेबल कापण्याची हत्यारे : शब्द आणि निवड

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत वीजकेबल कापण्याच्या हत्यारांचा विचार यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या कामात एका शब्दाचा अर्थ चुकीचा घेतल्यास माणसाचा हात अथवा जीव जाण्याचा संभव आहे, ते काम भाषेच्या अभ्यासकाने परके मानू नये. हत्यारांच्या निवडीतील काही चुकांचे मूळ शब्दांच्या संदिग्धतेत असते, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पहिला शब्द ‘बंद’. ‘लाईन बंद आहे’ हे विधान वस्तुतः कळीविषयीचे असते. समोरच्या केबलविषयीचे नसते. एकाच चरात चार केबली शेजारी शेजारी असल्या व त्या वरून सारख्याच दिसत असल्या, तर त्यांपैकी कोणती बंद केली हे या वाक्यातून कळत नाही. शिवाय लांब केबल संधारित्राप्रमाणे वागते. त्यामुळे पुरवठा तोडल्यावरही तिच्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. केबलवर धातूचे भूयोजित आवरण असेल, तर बाहेरून नुसता जवळ धरावयाचा टेस्टर आतील दाब दाखवीत नाही. म्हणून दोन्ही टोके अलग करणे, तेथे दाब नसल्याचे तपासणे, टोकांना अर्थिंग करणे आणि कापण्याच्या जागी तीच केबल ओळखणे, या चारही गोष्टी झाल्यावरच हत्यार हाती घ्यावे. उच्च दाबाच्या केबलमध्ये प्रथम दुरून चालविता येणाऱ्या साधनाने खिळा घुसवून ती मृत असल्याची खात्री करतात, आणि कापणीही दुरून चालणाऱ्या हायड्रॉलिक कटरने करतात. हत्याराच्या मुठीवरील रंगीत प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधन नव्हे. दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह व १००० व्होल्ट हा आकडा ज्यावर असेल, तेच हत्यार त्या मर्यादेपर्यंत रोधक होय. ११,००० व्होल्टच्या केबलसमोर त्याचा आधार घेता येत नाही.

दुसरा प्रश्न आकड्याचा आहे. कामगार ‘२४० ची केबल’ म्हणतो, ही साधी लक्षणा होय. २४० हे एका मुख्य गाभ्याच्या धातूचे चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ आहे. केबलची जाडी नव्हे. एवढ्या क्षेत्रफळाच्या गोल भरीव कांबीचा व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर भरेल. पण त्याच आकड्याच्या साडेतीन कोअरच्या, पोलादी चिलखत असलेल्या ॲल्युमिनियम केबलचा बाहेरचा व्यास ५५ ते ६० मिलिमीटरच्या आसपास असतो. दुकानात ‘२४० चा कटर’ मागणारा मनुष्य एका सुट्या गाभ्यापुरते हत्यार घेऊन येण्याचा संभव त्यामुळे उत्पन्न होतो. कटरच्या जबड्याचे माप केबलच्या बाह्य व्यासाशी जुळवावे. तो व्यास प्रत्यक्ष मोजावा. नावावरून ताडू नये.

तिसरा शब्द ‘कापणे’. मराठीत त्याच्या पोटात ‘कातरणे’ आणि ‘करवतणे’ असा स्पष्ट भेद आहे, आणि हत्याराच्या निवडीत तोच उपयोगी पडतो. रॅचेटचा केबल कटर कातरतो. त्याची दोन वक्र पाती एकमेकांना घासून जातात व तांबे आणि ॲल्युमिनियम हे मऊ धातू स्वच्छ कापले जातात. पोलादी तारांचे चिलखत, किंवा उघड्या वाहक तारेतील पोलादी गाभा मध्ये आला, की या पात्यांची धार तुटते. तेथे बारीक दातांची हॅकसॉ करवत, अथवा पोलादासाठी चालतो असे निर्मात्याने नमूद केलेला हायड्रॉलिक कटर हवा. टोक पुन्हा जोडावयाचे असेल तर कातर स्वच्छ असली पाहिजे. चेपलेल्या टोकावर जोडनळी नीट बसत नाही. केबल भंगारातच जावयाची असेल, तर ही चिंता नाही.

‘सोलणे’ ही निराळी क्रिया आहे. तिच्यासाठी पात्याची खोली ठरविता येणारे हत्यार घ्यावे व धार नेहमी शरीरापासून दूर न्यावी. जुन्या कागदी केबलवर शिशाचे आवरण असते; ते हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. तांबे मिळविण्यासाठी आवरण जाळणे सर्वथा टाळावे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

शेवटी ‘काढणे’. वर सांगितलेल्या केबलचे वजन मीटरमागे साधारण ५ किलो धरले, तरी २० मीटरचा तुकडा १०० किलोंचा होतो. असा तुकडा हातांनी ओढू नये. जाळीदार पकड, रोलर व विंच वापरावी, किंवा केबलचे लहान तुकडे करावेत. ताणाखालील केबल कापताच उसळते, यास्तव कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना आधार द्यावा.

सारांश, ‘बंद आहे, काप’ ही तीन शब्दांची आज्ञा अपुरी आहे. कोणती केबल, कोणी, कोठून अलग केली, अर्थिंग कोठे आहे आणि तिचा बाह्य व्यास किती, हे पूर्ण वाक्यांत व कामगाराच्या भाषेत लिहून दिले पाहिजे. परिभाषेची कसोटी कोशात लागते त्याहून अधिक अशा चरात लागते.