कुठला गंज ठेवायचा

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या मागच्या कुंपणावर चिंध्या वाळत असतात. जवसाच्या तेलात भिजलेल्या, तपकिरी डागांच्या. त्या कोपऱ्यात बोळा करून टाकल्या तर तेल हवेतला ऑक्सिजन घेता घेता तापतं, आतली उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेते. म्हणून एकेक सुटी करून पसरायची, वाळून पापडासारखी कडक झाली की मगच टाकायची. हा नियम लेकीचा. आईच्या हातची जवसाची चटणी खाऊन मी वाढलो. पण त्याच जवसाच्या तेलाचा हात फिरवला की गंजाचा रंग खुलतो आणि त्याचं पत्रा खाणं मंदावतं, हे मला साठीत लेकीने शिकवलं.

पत्रा आहे १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए कूपेचा. त्यातून आम्ही बाप-लेक जी गाडी उभी करतो आहोत, तिला अमेरिकेत ‘रॅट रॉड’ म्हणतात.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतरच्या गप्पा हमखास गिअरबॉक्सवर येतात, असं हे गाव. इथून जवळच, हायलंड पार्कला, १९१३ साली फोर्डने मोटारींची सरकती जोडणी सुरू केली. मॉडेल टी दीड कोटींवर निघाली, १९२७ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉडेल ए आली. चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती, पेट्रोलची टाकी थेट डॅशबोर्डच्या मागे. पेट्रोल उतारानेच कार्बोरेटरला जायचं, पंपाची गरजच नाही. चार-सव्वाचार वर्षांत अशा ४८ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. म्हणूनच त्यांचे सांगाडे आजही कोठारांत, शेतांच्या बांधांवर सापडतात. आमचा सापडला ॲरिझोनात. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं आणि ते पत्रा आतून पोखरून टाकतं. वाळवंटात गंज चढतो तोही पातळ, वरवरचा, गुळाच्या रंगाचा. त्यासाठी आम्ही ट्रेलर घेऊन दोन हजार मैल गेलो.

जुनी मोटार कापून-छाटून वेगवान करण्याचा नाद दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९३०च्या दशकात तिथली तरुण पोरं भंगारातल्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, बॉनेट काढून वजन उतरवायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्याच्या सपाट मैदानावर नेऊन वेग मोजायची. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं आणि या नादाला खरं बळ आलं. १९३७ मध्ये या हौशी मंडळींची रीतसर संघटना झाली. महायुद्धावरून परतलेल्या जवानांच्या हातात थोडा पैसा होता आणि यंत्रांची सवय होती. अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणत, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्याच नावाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे मात्र हॉट रॉड म्हणजे श्रीमंतांची चकचकीत खेळणी झाली. फायबरग्लासची बॉडी, आरशासारखा रंग, क्रोमचा लखलखाट. गाडी कारागिराकडून करवून घ्यायची आणि ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायची. त्याला कंटाळलेल्यांनी पुन्हा भंगाराची वाट धरली. ‘रॅट रॉड’ हा शब्द ‘हॉट रॉड’ मासिकाचा लेखक ग्रे बास्करव्हिल याचा, असं बहुतेक जण मानतात. आधी तो हिणवण्याचाच शब्द होता. बनवणाऱ्यांनी तो अभिमानाने लावून घेतला.

डेट्रॉइटमध्ये १९५३ पासून ऑटोरामा नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. वरच्या दालनात तिथल्या मानाच्या रिडलर पुरस्कारासाठी आलेल्या गाड्या, ज्यांच्या खालीही आरसे ठेवलेले असतात. तळघरात रॅट रॉड आणि जुन्या घडणीच्या गाड्या. तळघरातल्या गाडीजवळ उभं राहिलं की बनवणारा स्वतः येऊन सांगू लागतो, हा भाग कुठल्या ट्रॅक्टरचा, वेल्डिंगचा हा टाका कुठे फसला. मला तळघरच आवडतं, आणि ते लेकीने दाखवलं.

माझी तीस वर्षं संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या रेखाटण्यात गेली. लेकीने तीन वर्षांपूर्वी ऑफिसची नोकरी सोडली, वेल्डिंग शिकली आणि आता एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करते. तेव्हा मी तिच्याशी महिनाभर नीट बोललो नव्हतो. माझे वडील मिरजेत विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. तेलकट हातांतून बाहेर पडायचं म्हणून त्यांनी मला शिकवलं होतं, आणि माझी लेक हौसेने त्याच हातांकडे परत निघाली होती. गाडी तिने निवडली, पैसे निम्मे मी घातले.

पहिलं काम चासीचं. मॉडेल एची चासी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या उघड्या पट्ट्यांची असते. काडेपेटीचं बाहेरचं खोकं पिळून पाहा, मग त्याची एक बाजू कापून पुन्हा पिळा. फरक लगेच कळतो. मूळच्या ४० अश्वशक्तीला ती उघडी पट्टी पुरत होती. आम्ही बसवतोय एका जुन्या पिकअप ट्रकमधलं शेव्हरोलेचं ३५० घनइंची व्ही-८, म्हणजे ५.७ लिटरचं. म्हणून उघडी बाजू जाड पट्टी वेल्ड करून बंद केली. मग मागचा भाग कापून पायरीसारखा वर उचलून जोडला, की एक्सल तिथेच राहतो आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली बसते. मूळ ब्रेक सळयांचे होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९च्या गाड्यांत दिले. आम्ही पुढे डिस्क ब्रेक लावले. रॅट रॉडवर असुरक्षिततेचा आरोप होतो, आणि कित्येक गाड्यांच्या बाबतीत तो खरा आहे. साखळी वेल्ड करून केलेलं स्टिअरिंग व्हील एक वेळ ठीक; पण स्टिअरिंगच्या दांड्यावरचा टाका कच्चा असेल तर तो आपल्याबरोबर समोरच्याचाही जीव घेतो. चासी, स्टिअरिंग, ब्रेक यांत गंजाचा ठिपकाही नको, ही माझी अट होती. लेकीने ती एका शब्दाने मोडली नाही.

वाद झाला छतावरून. छत चार इंच खाली आणायचं होतं. मॉडेल एचे खांब जवळजवळ सरळ उभे असतात, काचा सपाट असतात, त्यामुळे हे काम नंतरच्या गाड्यांपेक्षा सोपं. छताचा मधला भाग मुळात पत्र्याचा नसतोच. एवढा मोठा पत्रा एका ठोक्यात दाबणं त्या काळी जमत नव्हतं, म्हणून लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं. मी संगणकावर नकाशा काढला, कॅलिपरने खुणा केल्या आणि एका रविवारी ती यायच्या आधी डाव्या बाजूचे खांब कापून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारून ठेवले. दार लावलं. फट खाली नखाएवढी आणि वर करंगळीएवढी. आयुष्यभर दारं जुळवलेल्या माणसाला ती फट पाहवेना. माझा नकाशा दोन्ही बाजू सारख्या धरून काढलेला होता, आणि नव्वद वर्षांत ती बॉडी डावीकडे बसली होती.

ती आली, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने छताच्या मध्यावरून दोरी बांधली आणि ओळंबा सोडला.

“बाबा, तू नकाशा मोजलास. गाडी नाही मोजलीस.”

तिने टॅक घासून सोडवले, दार बंद ठेवूनच खांब पुन्हा जुळवले. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं तर तो तापून वळतो, म्हणून एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे थांबून हाताने गरमी पाहायची. त्यात दोन शनिवार-रविवार गेले. मी पत्रा धरून उभा होतो आणि तिने सांगितलं की सरकवत होतो.

बाहेरच्या पत्र्याबद्दल मात्र तिची अट होती: भोक पडलं असेल तेवढंच कापायचं, बाकी हात लावायचा नाही. उजव्या दारावर कुणीतरी कधीकाळी रंगवलेल्या अक्षरांचे पांढरे पुसट अवशेष आहेत. बहुधा एखाद्या दुकानाचं नाव. मी वाचायचा खूप प्रयत्न केला. नवीन जोडलेली पट्टी खोटी गंजवायची नाही, हेही तिनेच ठरवलं. मीठ आणि व्हिनेगर फवारून एका रात्रीत गंज आणता येतो, पुष्कळ जण आणतात. आमच्या गाडीत नवा पत्रा नवाच दिसतो आणि टाक्याची रेघही.

रॅट रॉडमध्ये घरातली एखादी वस्तू जोडायची रीत आहे. कुणी गिअरच्या दांड्यावर नळाची मूठ लावतो, कुणी पिस्टनचा ॲश-ट्रे करतो. मिरजेहून आणलेल्या पेटीत वडिलांचा चौदा-पंधराचा पाना होता. त्यावर करवतीने मारलेल्या तीन खाचा आहेत. दुकानात पाने मिसळू नयेत म्हणून प्रत्येक मिस्त्रीची खूण वेगळी असायची. लेकीने तो दाराच्या मुठीसाठी मागितला. मी आठवडाभर दिला नाही, मग दिला.

वेल्डिंगआधी पान्यावरचा मळ आणि काळा थर घासून लखलखीत पोलाद उघडं करावं लागतं. ग्राइंडर चालू करायच्या आधी ती थांबली.

“आजोबांचं तेल आहे हे. घासू?”

“टाका पडेल तेवढंच.”

तिने दोन्ही टोकांना नखाएवढी जागा उघडी केली, खाचा बाहेरच्या बाजूला येतील असा पाना धरला आणि मला चष्मा लावायला सांगितलं.