जपानी घरात आमची ताई



या महिन्यात गुरुजींनी 'दूरचा देश' हा विषय दिला आहे. मी जपान घेतला. कारण माझी आतेबहीण दहा महिने जपानमध्ये एका घरी राहून आली. आम्ही तिला ताई म्हणतो. ती गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जाते, तिथे कॉलेजात शिकते आणि जपानी भाषा पण शिकते. दिवाळीत ती आमच्या घरी आली तेव्हा मी विचारत गेलो आणि वहीत लिहीत गेलो.

आपल्या देशाचे विद्यार्थी तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. एकमेकांची भाषा आणि राहणी शिकतात. काही जण वसतिगृहात राहतात, काहींना एखादे कुटुंब आपल्या घरी ठेवून घेते. हे काही आजचे नाही. योगेंद्र पुराणिक नावाचे आपले मराठी गृहस्थ १९९७ साली विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा जपानला गेले. पुढे ते तिकडचे नागरिक झाले आणि २०१९ साली टोकियो शहराच्या एदोगावा भागातून निवडून आले. जपानी लोकांनी मराठी माणसाला मते दिली, हे ऐकून आमचे आबाजी खुश झाले.

जपान आपल्या पूर्वेला आहे. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे चालते. सकाळी दहाला आपला परिपाठ सुरू होतो, तेव्हा तिकडच्या मुलांचे दुपारचे जेवण होऊन जाते. ताई ओकायामा नावाच्या भागात होती. पुण्यात पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग आहे, तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. तेच हे ओकायामा.

आता घर कसे ते सांगतो. दारातून आत गेले की थोडी खालची जागा असते. तिला गेन्कान म्हणतात. तिथे जोडे काढायचे आणि तोंड दाराकडे करून ठेवायचे, म्हणजे निघताना घालायला सोपे. घरात सपाता घालतात. संडासच्या सपाता वेगळ्या. आणि तातामी म्हणजे चटईच्या खोलीत तर सपाता पण चालत नाहीत. या तातामीच्या आत पूर्वीपासून धानाची तणस दाबून भरतात. आपल्याकडे तणस ढोरांना टाकतात, तिकडे माणसे तिच्यावर गादी घालून झोपतात. सकाळी उठले की गादीची घडी करून कपाटात ठेवायची, मग तीच खोली बसायला होते.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जपानी माणसे पण अगदी तसेच करतात! निघताना 'इत्तेकिमास' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येतो'. घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन ये'. परत आल्यावर 'तादाइमा' म्हणजे 'आलो'. ताई म्हणते, भाषा समजत नव्हती तेव्हा हे चारदोन शब्द बोलले तरी घरात आल्यासारखे वाटायचे. घरच्या आईला ती ओकासान म्हणायची, बाबांना ओतोसान आणि आजीला ओबाआसान. 'सान' म्हणजे आपल्या 'जी' सारखे.

आंघोळ रात्री करतात. आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मग गरम पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत बसायचे. त्याच पाण्यात एकामागून एक सगळे बसतात, म्हणून पाणी सोडून द्यायचे नाही, वर झाकण ठेवायचे. ओकासानने पहिल्याच दिवशी हे चित्र काढून समजावले. हे ऐकून आत्या म्हणाली, "बाई गं, एकाच पाण्यात?" पण आधी अंग धुतलेले असते, मग काय हरकत आहे, असे मला वाटते.

जेवणात भात रोज असतो. तो थोडा चिकट असतो म्हणून काड्यांनी उचलता येतो. जेवणाआधी सगळे हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात आणि झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणतात. आपण वदनी कवळ म्हणतो तसेच. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मेलेल्या माणसाच्या भातात तशा खोचतात. एकदा ताईने सगळ्यांना वरण-भात आणि आंब्याचे लोणचे वाढले. ओतोसानने लोणच्याची मोठी फोड तोंडात टाकली आणि नंतर तीन ग्लास पाणी प्याले.

तिसऱ्या दिवशी ओकासानने भिंतीवर कामाचा कागद लावला. त्यात ताईचे नाव होते. भांडी पुसणे, आंघोळीची खोली धुणे, वारानुसार वेगळा केलेला कचरा बाहेर ठेवणे. ताईला वाईट वाटले. आपण इतक्या दुरून आलो आणि हे काम सांगतात! रात्री ती रडली पण. मग ओबाआसानने तिला जवळ बसवून हळू हळू सांगितले, "पाहुण्याला आम्ही काम सांगत नाही. घरच्या पोरीला सांगतो." हे कळायला ताईला दोनदा शब्दकोश पाहावा लागला.

ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली. आपल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पुढच्या वर्षी आपल्यापैकी काही जण आत्याकडे, मावशीकडे जातील. मी मामाकडे आमगावला जाणार आहे. दोन दिवस मामाकडे राहणे वेगळे आणि वर्षभर राहणे वेगळे, हे मायनेही सांगितले. मी मामीला फोनवर विचारले, माझ्याकडे कोणते काम? मामी हसली आणि म्हणाली, "तू ये तर खरा, सांजेले कोंबड्या झाकत जा."

ताईच्या त्या घरी चौथीत शिकणारा एक मुलगा होता. तो गल्लीतल्या मुलांबरोबर रांगेने पायी शाळेत जायचा. तिकडे शाळा मुलेच झाडतात आणि पुसतात, मुलगे आणि मुली दोघेही. जेवण पण मुलेच पांढरी टोपी आणि एप्रन घालून वाढतात. त्यांचे शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते.

थंडीत मात्र ताईचे हाल झाले. सगळे घर गरम नसते. एक बुटके टेबल असते, त्याच्यावर गोधडी आणि खाली शेगडी. त्याला कोतात्सु म्हणतात. सगळे त्यात पाय घालून बसतात आणि संत्री खातात. आपण शेकोटीभोवती बसतो तसेच. तिथे सगळे गमती सांगून हसायचे, ताईला समजायच्या नाहीत. ती म्हणते, सगळ्यात कठीण काम तेच होते, न समजता बसून राहणे. चार-पाच महिन्यांनी एकदा तिनेच गंमत सांगितली आणि सगळे हसले, तो दिवस तिने तारखेसह लिहून ठेवला आहे.

त्या घराची धानाची शेती होती. तिकडे आता रोवणी यंत्राने करतात, पण बांधीचे कोपरे यंत्राने होत नाहीत, ते हाताने रोवतात. ताई चिखलात उतरली आणि मागे मागे सरकत भराभर रोवू लागली. आजोबा बघतच राहिले! त्यांना वाटले होते, शिकलेल्या पोरीला काय येणार. आमचे आबाजी सांगतात, १९५३ साली आपल्या देशात भातशेतीची 'जपानी पद्धत' शिकवायची मोहीम निघाली होती. गादीवाफ्यावर परे टाकायचे, बियाणे कमी वापरायचे, खत द्यायचे आणि दोरी धरून ओळीत रोवायचे. म्हणजे त्यांच्या देशाची रोवणी आपल्याकडे आली आणि आपली पोरगी तिकडे जाऊन रोवून आली.

तिकडे लोक कागदाचे क्रौंच पक्षी करतात. हिरोशिमावर १९४५ साली अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी नावाची मुलगी दोन वर्षांची होती. पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात ती असे पक्षी करत असे. १९५५ साली ती वारली. तिची आठवण म्हणून तिथे स्मारक आहे आणि मुले अजून पक्षी पाठवतात. ओबाआसानने ताईला हा पक्षी करायला शिकवला. ताईने सांगितले की आमच्या गोंदियाच्या धानात सारस असतो, तो पण याच जातकुळीचा आणि माणसाएवढा उंच. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात दिसतो. त्यांना खरे वाटेना, मग ताईने फोटो दाखवला.

ताईने मला एक पक्षी करून दिला. तो या भित्तिपत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात टाचणीने लावला आहे. बघा, पण हात लावू नका. कागद पातळ आहे, पंख फाटतो.