सावलीचे कर्ज

मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या, की आमच्या परसातल्या कडुनिंबाखाली हिरवी टोके दिसू लागतात. त्याआधीचे सात-आठ महिने तिथे पाचोळ्याखेरीज काही नसते. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना त्या टोकांचे अप्रूप वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळत असतो, भिंतींना हात लावला तर चटका बसतो, आणि त्या वाफ्याला मी दिवाळीनंतर पाण्याचा थेंबही दिलेला नसतो. तरीही पंधरवड्यात लांबट, जाड पानांचे झुबके जमिनीवर पसरतात. जुलै सरता सरता त्यांच्यामधून एक सरळ दांडी वर येते आणि तिच्यावर पांढरी फुले उमलू लागतात. सहा पाकळ्या, मध्ये पिवळे पुंकेसर. सकाळी उमलावे आणि संध्याकाळी मिटावे, एवढेच एका फुलाचे आयुष्य.

येणारे-जाणारे विचारतात, "ही कोणती लिली म्हणायची?" मी सांगतो, "सफेद मुसळी." मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास एक मिस्कील हसू उमटते. या वनस्पतीच्या नावाला जाहिरातींनी असा काही वास लावून ठेवला आहे, की तिला फूल येते हेच लोक विसरून गेले आहेत.

खरे तर ती आपल्या सागवनांची जुनी रहिवासी. मुळे मुसळासारखी, पांढरी, बोटाएवढी, एका गड्ड्याला झुपक्याने लोंबणारी. मुसळीच्या एकाहून अधिक जाती आहेत. त्यांतली जी शेतीत सर्वाधिक गाजली, तिला फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबईच्या बोरिवलीवरून 'क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम' असे नाव दिले. कोकणात पावसाच्या तोंडी फोडशीची किंवा कुलीची भाजी करतात, ती याच वंशातली. आणि कचेऱ्यांत, बँकांत काचेच्या केबिनमध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची जी 'स्पायडर प्लांट'ची कुंडी असते, ती दक्षिण आफ्रिकेतून आलेली हिचीच चुलत बहीण. नोकरीतली कित्येक वर्षे मी त्या चुलत बहिणीशेजारी बसून कर्जप्रस्ताव तपासले. थोरल्या घराण्याची ओळख व्हायला मात्र एक चूक व्हावी लागली.

ती चूक सांगण्याआधी जंगलातला हिचा संसार सांगायला हवा. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा पालवतो. मुसळी नेमकी त्याच संधीत जमिनीबाहेर येते. आरंभी तिला भरपूर उजेड मिळतो. पुढे सागाची सुपाएवढी पाने डोक्यावर दाटतात, तेव्हा कवडशांची सावली तिला पुरते. वर्षानुवर्षे कुजलेल्या पाचोळ्याची भुसभुशीत माती, थोडा उतार, पाणी मुरून निघून जाणारे. पावसाळा संपला की पाने पिवळी पडून गळतात आणि झाड मुळांत शिरून झोपी जाते. उन्हाळ्यात वरून वणवा सरकून गेला, तरी खाली ते बहुधा सुखरूप असते. आठ महिने अज्ञातवास आणि चार महिने राज्य, असा हा हिशेब.

या हिशेबातच तिचा घातही आहे. मुळे पक्व होतात ती पाने गळाल्यावर, पण पाने गळाली की झाड कुठे आहे हे कुणालाच दिसत नाही. म्हणून मुळ्या खणणारा हिरव्या पानांच्या खुणेवर, पावसाळ्यातच खणतो. तेव्हा मूळ कच्चे असते आणि कांद्याच्या बियांसारखे काळे बीही जमिनीवर पडलेले नसते. बी मुळात कमीच उगवते. म्हणजे मुद्दलही गेले आणि व्याजही. बाजाराची भूक वाढली, तशी आपल्या जंगलांतून मुसळी याच रीतीने विरळ होत गेली.

ही भूक वाढली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. १९९८ साली अमेरिकेत व्हायग्राची गोळी आली आणि इकडे 'देशी' पर्यायांच्या जाहिरातींना ऊत आला. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. औषधी शेती हा शब्द विदर्भातल्या चावडीपर्यंत पोचला. वाळलेल्या मुसळीला किलोमागे हजार-दीड हजार रुपये मिळतात, असे आकडे तोंडोतोंडी फिरू लागले. ओली पाच किलो मुळी सोलून वाळवली, की जेमतेम किलोभर उरते, हे मात्र कुणी त्याच दमात सांगत नसे.

२००३ साली मी वरोऱ्याच्या बाजूला एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. एक शेतकरी मुसळीच्या कर्जासाठी आला. अडीच एकर काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन घेणारा माणूस. बेणे पुरवणाऱ्या एका कंपनीने सगळा माल परत विकत घेण्याचा छापील करार त्याच्या हाती दिला होता. एकरी काही क्विंटल बेणे लागते आणि त्याचा भाव किलोला शेकड्यांत. कर्जाचा मोठा हिस्सा मातीत पडण्याआधी कंपनीच्या खिशात जाणार, हे मला कागदावर स्पष्ट दिसत होते. पण करार होता, सातबारा कोरा होता आणि वरून 'नव्या पिकांना प्रोत्साहन द्या' असे परिपत्रक होते. मी शिफारस लिहिली. ती टिपणी उत्तम इंग्रजीत होती, याचा त्या वेळी मला थोडा अभिमानही वाटला होता.

त्याच सुमारास मूलच्या जंगलात एका वनमजुराशी बोलताना मी मुसळीचा विषय काढला. त्याने एक गड्डा खणून हातावर ठेवला, मातीचा वास घ्यायला लावला आणि म्हणाला, "सायेब, याले पानी पायजे, पन पान्यात उभं राहालं नाही पायजे. तुमच्या काळ्या रानात पानी थांबते." मी मान डोलावली. कर्ज तोवर वाटून झाले होते.

ऑगस्टात आठवडाभर झड लागली. वाफे उंच केलेले नव्हते, निचऱ्याच्या चऱ्या काढलेल्या नव्हत्या. मुळ्या जागच्या जागी सडल्या. जे थोडे हाती लागले, ते घ्यायला कंपनीचा माणूस आला नाही आणि करारावरचा फोन लागेना. न्यायाने हेही सांगतो, की उघड्या शेतातही मुसळी येते. हलकी जमीन आणि चोख निचरा असेल, तर चांगली येते. दोष पिकाचा नव्हता. जे झाड पाचोळ्यात हळूहळू पोसले जाते, त्याला आम्ही एका हंगामात दामदुप्पट करायला बसवले होते.

त्या शेतकऱ्याने बैलजोडी विकून कर्ज फेडले. शेवटचा हप्ता भरताना तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

२०१८ साली निवृत्त झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. का गेलो, हे नीटसे सांगता येणार नाही. श्रावण चालू होता. त्याने चहा पाजला आणि शेताच्या बांधावर नेले. तिथे एका म्होठ्या मोहाखाली पांढरी फुले डोलत होती. त्या वर्षी उरलेल्या चार मुळ्या त्याने रागाने तिथे भिरकावल्या होत्या. पुढे कुणी पाणी घातले नाही, कुणी खणले नाही. पंधरा वर्षांत त्यांचे बेट झाले होते. डिसेंबरात त्याने निरोप धाडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर बेणे हाती ठेवले. "घेऊन जा, सायेब. आता फुकट हाये."

ते बेणेही मी पहिल्या वर्षी जवळजवळ मारले. उन्हाळ्यात वाफा रखरखीत दिसला, म्हणून माया करून रोज पाणी घातले आणि झोपलेल्या मुळ्या कुजल्या. तीनच वाचल्या. त्यानंतर जे शिकलो, ते थोडक्यात असे. वाफा झाडाच्या बुंध्याला खेटून करू नये, तर फांद्यांच्या कडेला, जिथे सकाळचे कोवळे ऊन शिरते तिथे करावा. तो वीतभर उंच हवा. मातीत वाळू आणि दोन वर्षे कुजवलेला पालापाचोळा मिसळावा. बेण्याच्या बोटाला वरच्या गड्ड्याचा, डोळ्याचा तुकडा चिकटलेला हवा, नुसते बोट लावले तर ते फुटत नाही. पहिल्या पावसात डोळा वर ठेवून, वीत-दीड वीत अंतराने लावावे. पाने पिवळी पडली की पाणी बंद. खुणेला काठी रोवावी आणि पाचोळा झाडून टाकण्याचा मोह आवरावा. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण, कारण घरातल्या मंडळींना परस स्वच्छ हवे असते.

बेणे जंगलातून मात्र आणू नये. राष्ट्रीय उद्यानातली वनस्पती उपटणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथे आता उपटण्याइतकी मुसळी शिल्लक राहू द्यायला हवी. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत वनोपज केव्हा आणि किती घ्यायचे, हे ग्रामसभा ठरवू शकते. बी पडल्याखेरीज मूळ खणायचे नाही, एवढे एक कलम पाळले गेले, तरी मुसळी तगेल. व्यापाऱ्याच्या घाईला नाही म्हणण्याची ताकद एकट्यादुकट्याकडे नसते. मी तर पगारी अधिकारी होतो, मलाही ती जमली नाही.

दर वर्षी पहिले फूल आले, की मी त्याला फोन करतो. पीकपाण्याचे बोलून झाल्यावर तो विचारतो, "किती दांड्या आल्या, सायेब?" हिशेबाची सवय जात नाही, म्हणून मी मोजून ठेवलेल्या असतात. यंदा एकोणीस. त्याच्या मोहाखाली किती आल्या, ते त्याने कधी मोजलेले नाही.